वैजू कॅप्टनचं टोपरं

तुमचं नांदेडचं विमान ना? मग बसा निवांत. बोर्डावर 'वेळेवर' लिहिलंय, पण बोर्डाचं काय, जे दाबलं ते तो दाखवतो. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय लंगडा आहे. या इकडे, पंख्याखाली. एक गोष्ट सांगतो, तुमच्याच विमानाच्या कॅप्टनची. विमान लागायच्या आत संपवतो, चिंता नको. शेवटी तुम्हाला एक काम सांगणार आहे. बारकंच आहे. आधीच सांगून ठेवतो, मागनं फसवलं म्हणू नका.

तर कॅप्टन वैजयंती सुरवसे. घरची वैजू. गाव बार्शी. बाप एसटीत ड्रायव्हर, बत्तीस वर्षं बार्शी डेपोला. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं. पोरगी पायलट झाली तेव्हा लोक पेढे मागायला आले, तर आप्पा म्हणाले, "ड्रायव्हरची पोरगी ड्रायव्हरच झाली. तिच्या रस्त्यावर खड्डे दिसत नाहीत, एवढाच फरक. असतात म्हणे, पण दिसत नाहीत."

वैजूचा नवरा मकरंद, शेळ्यांचा डॉक्टर. त्या भागात शेळीवर घरं चालतात, त्यामुळे माणसाच्या डॉक्टरला नसेल एवढा त्याला मान. आप्पा एकटे पडतील म्हणून तोच सासऱ्याच्या घरी राहायला आला. गावाने घरजावई म्हणून चेष्टा केली, आणि शेळी अडली की त्याच घरजावयाच्या दारात येऊन उभं राहिलं. दोघांना एक मुलगी, रेवा. सात वर्षांची, पुढचे दोन दात नसलेली, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही.

वैजू टिटवी एअरमध्ये. चाळीस सीटांची पंखेवाली विमानं, अर्धी बॅटरीवर, अर्धी तेलावर. आप्पांना नाव कधी पटलं नाही. "टिटवी ओरडली की आमच्यात वाईट मानतात," म्हणायचे. "ह्यांनी विमानावरच काढून ठेवली." पण तेव्हा कंपनीचा तळ सोलापूरला होता. सत्तर किलोमीटर. सकाळी गेली की संध्याकाळी वैजू घरी. भाकरी तव्यावर असताना यायची कधी कधी.

मग एक दिवस कंपनीचं पत्र आलं. सोलापूरचा तळ बंद. सगळ्या पायलटांनी महिन्याभरात इथं ओझरला हजर व्हायचं. बार्शी ते ओझर साडेपाच तास, ते पण नगरात गाडी अडकली नाही तर.

वैजूने मकरंदच्या लसीकरणाच्या कागदांतला एक पाठकोरा घेतला आणि त्यावर आकडे टाकले, एक, दोन, तीन. विमानवाल्यांना असंच लागतं. कुठंही जायचं असलं तरी आधी वाटा लिहून काढायच्या.

एक, सगळ्यांनी नाशकात बिऱ्हाड करायचं.

"मी येतो की," मकरंद म्हणाला. "पण तिकडं द्राक्षं फार. द्राक्षांना लस टोचून माझं पोट नाही भरायचं."

आप्पा म्हणाले, "मला विचारूच नका. मी ह्या ओट्यावरनं उठलो तर थेट मोक्षधामला."

दोन, ओझरला खोली. तिथं सहा पायलटांत चार कॉट. एक ड्युटीला उठला की त्याच्या गरम गादीवर दुसरा आडवा होतो. सुट्टीला घरी यायचं तर कंपनीच्याच सोलापूरच्या विमानात, सीट रिकामी असेल तर. तिकीट काढलेला कुणी शेवटच्या घटकेला आला की कॅप्टनबाई असो नाहीतर कुणी, खाली उतरा.

"म्हंजे मुक्कामी गाडी," आप्पा म्हणाले. "मी काय कमी केल्या का? खेड्यात गाडी लावायची, टपावर अंथरूण टाकायचं, सकाळी परत. तुझी आई म्हणायची, तुम्ही माझे कमी आणि टपाचे जास्त."

"मला तसं नको आहे आप्पा," वैजू म्हणाली. "तुम्ही घरी नसायचा ते मला आठवतंय. रेवाला तसं आठवायला नको."

 

आणि तीन नंबरला तिने लिहिलं, टोपरं.

आता टोपरं म्हणजे काय ते सांगतो. तुम्ही ऐकलं असेल, पण ऐकलेलं आणि कळलेलं यात फरक असतो. मलाही तीनदा ऐकल्यावर कळलं.

आपण दिवसभर डोकं चालवतो, तेव्हा डोक्यात गाळ साठतो. खराखुरा गाळ, चहाच्या भांड्यात बसतो तसा. तो धुतला जातो गाढ झोपेत. पण आठ तास झोपलो म्हणजे आठ तास गाढ नसतो आपण. गाढ झोप जेमतेम दीड-दोन तास, ती पण तुकड्या-तुकड्यांत. बाकीची हलकी झोप आणि स्वप्नं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या लोकांनी विचार केला, धुणं तेवढं घेऊ, बाकीचं सोडू. त्यांनी मऊ टोपी केली, हनुवटीखाली बंद असलेली. आत केसाएवढ्या बारीक तारा. झोपेत मेंदूत लाटा उठतात, त्या ह्या तारांना कळतात. मग कानाशी अगदी हळू टक्, टक् असा आवाज येतो, बरोबर लाट चढताना. पाळणा आपल्याकडे येऊन परत जायला लागला की तेव्हाच हात लावला तर कसा उंच जातो, तसं. माणूस पाच मिनिटांत तळाला जातो आणि अडीच तास तळालाच राहतो. उठतो तो आठ-नऊ तास झोपल्यासारखा टवटवीत. टोपीला त्यांनी मोठं इंग्रजी नाव दिलेलं, पण ती दिसायची बाळाच्या टोपऱ्यासारखी. पायलट लोक टोपरं म्हणायला लागले, ते चिकटलं.

खात्री करायला ड्युटीआधी दिव्याची परीक्षा. काळ्या पडद्यावर दिवा लागला की बटण दाबायचं, दहा मिनिटं. झोप अर्धवट झालेला माणूस हुकतोच. टोपरं घालून आलेले एकदाही हुकले नाहीत. तेव्हा सरकारनेही नियम काढला, टोपऱ्यातले अडीच तास म्हणजे पूर्ण विश्रांती. कंपनीने लांबून येणाऱ्यांना गाडी द्यायला सुरुवात केली, मागची सीट पलंगासारखी उघडणारी. बार्शीत गाडीत बसा, टोपरं घाला, ओझरला उतरा आणि विमान उडवा.

वैजूने तीन नंबरला गोल केला.

पहिले दोन महिने, काय सांगू, घरात सण होता. एक दिवस विमान, एक दिवस घर, वर महिन्याच्या सुट्ट्या. अठरा दिवस घरी भरायचे महिन्यातले. आणि तेही पूर्ण दिवस. कारण वैजू घरी येतानाही गाडीत टोपरं घालायची, म्हणजे दारात उतरायची ती ताजीतवानी. मग घरी झोपायचं कशाला? झोप तर झालेली. रेवाला शाळेत सोड, दुपारी मकरंदबरोबर वस्त्यांवर फिर, आप्पांचे पाय चेप, सगळे झोपले की पोरीच्या उशाशी नुसती बसून राहा. मकरंद म्हणायचा, "बाकीच्यांना चोवीस तासांचा दिवस, हिला तीसचा आहे."

आणि हेच झालं. ऐका नीट, कारण घोटाळा इथंच आहे. टोपरं घ्यायलाच पाहिजे असं फक्त ड्युटीला जातानाच्या वाटेवर होतं. बाकीचं वैजूने स्वतःच्या हाताने केलं, घरचा एक तासही वाया जाऊ नये म्हणून. साडेचार महिने ती आपली आपण अशी झोपलीच नाही.

कंपनीलाही चव लागली. आधी ज्याला झोप हवी त्याला सुट्टी द्यावी लागायची. आता टोपरेवाल्याला कधीही फोन करा. वेळापत्रक आपल्या सोयीचं होईल म्हणून वैजूने टोपरं घेतलं, आणि सोय झाली वेळापत्रकवाल्याची. पाठारे म्हणून एक आहेत इथं, ड्युट्या लावतात. माणूस वाईट नाही. पण फोन करायचे, "मॅडम, तुम्ही काय, तुम्ही तर फ्रेशच असता."

तिच्यासारखाच एक कॅप्टन होता, मिरजेचा, फारूख मुजावर. एकदा चहा घेताना तो तिला म्हणाला, "सुरवसेबाई, टोपऱ्याचा एक फायदा कुणी सांगितलाच नाही. घरची भांडणं लक्षात राहत नाहीत. बायको म्हणते, हेच भांडण आपण चौथ्यांदा करतोय. मी म्हणतो, मला तर नवीन वाटतंय."

वैजू हसली. फारूखही हसला. मग दोघांनी चहा संपवला आणि एकमेकांकडे बघितलं नाही.

आता विमानवाल्यांची एक रीत सांगतो, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. खालून टॉवरवाल्याने काही सांगितलं, की वरच्याने ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. तो म्हणणार, आठ हजार फुटांवर या. हा म्हणणार, आठ हजार फुटांवर येतो. नुसतं 'हो' चालत नाही. परत म्हटलं आणि सांगणाऱ्याने ते ऐकलं, की गोष्ट पक्की. मग त्यावर विचार करायचा नाही, पुढचं बघायचं. वीस वर्षं हेच केल्यावर ते जिभेत बसतं. वैजू घरी पण तसंच बोलायची. मकरंद म्हणाला, गॅसचं सिलिंडर सांगितलंय, की ही म्हणायची, "सिलिंडर सांगितलंय." रेवाने सांगितलं, आई, ओंकारने माझी पेन्सिल तोडली. "ओंकारने पेन्सिल तोडली." पोरीला बरं वाटायचं. आई ऐकते.

एका रविवारी मकरंदने एक करडू घरी आणलं. आई मेलेली, बाटलीवर जगवायचं होतं. काळंभोर, कपाळावर पांढरा टिळा. अंगणात सोडलं तर ते उड्या मारायच्या ऐवजी एका सरळ रेघेत हळूहळू चालत गेलं, टोकाला जाऊन वळलं, परत त्याच रेघेत आलं.

"हे बघ, धावपट्टीकडं निघालंय," वैजू म्हणाली. "उडायच्या आधी विमान असंच चालतं. त्याला आम्ही टॅक्सी म्हणतो."

रेवा एवढी हसली की खाली बसली. "आई, ह्याचं नाव टॅक्सी!"

"ह्याचं नाव टॅक्सी," वैजू म्हणाली.

मग दोघींनी अंगणात खडूने धावपट्टी आखली. वैजूने हातात दोन कालथे घेऊन करडाला इशारे केले, डावीकडं, उजवीकडं, थांब. करडू थांबायचं नाही. आप्पा ओट्यावरनं तिकिटं मागत होते. पोरगी रात्री झोपेत पण हसत होती म्हणे. वैजू उशाशी बसून ते बघत होती. संध्याकाळपासून एक मिनिट डोळा मिटला नव्हता तिने, मिटावासा वाटलाच नाही. पहाटे गाडी आली. टोपरं घातलं, ओझरला आली, पाच फेऱ्या मारल्या, सगळ्या वेळेवर. मंगळवारी घरी पोचली, ती पण टोपऱ्यातनं.

दारातच ते करडू पायात आलं. वैजू वाकली, त्याच्या कपाळावरनं बोट फिरवलं.

"अगं बाई, हे कुठलं? केवढं गोड आहे. नाव काय ठेवलंस गं ह्याचं?"

रेवाला वाटलं आई चेष्टा करतेय. ती म्हणाली, "सांग बघू तूच."

"काळ्या?"

"आई, खोटं खोटं नको ना."

"बरं, टिळक्या?"

रेवाचं तोंड बघून मकरंद आतून बाहेर आला. वैजू अजून हसतच होती. तिच्या पायाखाली खडूची धावपट्टी होती, अर्धवट पुसलेली. तिने खाली बघितलं, मग पोरीकडे बघितलं, आणि तिच्या ध्यानात आलं की इथं काहीतरी झालेलं आहे आणि त्यात आपण होतो.

"टॅक्सी," रेवा म्हणाली. "तूच ठेवलंस."

"टॅक्सी," वैजू म्हणाली. जिभेने आपलं काम केलं. पण ह्या वेळी पोरीला बरं वाटलं नाही.

मकरंदने फोनमधला व्हिडिओ दाखवला. वैजूने तो दोनदा बघितला. एक बाई अंगणात कालथे घेऊन नाचतेय. चेहरा आपलाच. बघून हसूही आलं तिला, पण दुसऱ्याच्या घरच्या लग्नातला व्हिडिओ बघून येतं तसं. आठवण म्हणून आत काही हललं नाही.

त्या दिवसापासून रेवाने आईला सांगणं बंद केलं. रुसवा नव्हता तो. हाक मारली की यायची, जेवायची, अभ्यास दाखवायची. पण शाळेतली गंमत, ओंकार, पेन्सिल, सगळं आजोबांना. एकदा वैजूने दारामागून ऐकलं. आप्पा म्हणत होते, "हे आईला सांग की." आणि पोरगी म्हणाली, "आईला सांगून काय उपयोग आप्पा? ती धुऊन येते."

वैजू पुण्याला गेली. टोपरं करणाऱ्यांतल्या एक डॉक्टर आहेत, इनामदारबाई. सरळ बाई आहे, लपवाछपवी नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही घरीसुद्धा झोपत नाही हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही धरून चाललो होतो की घरी गेलेला माणूस घरी झोपतो."

मग त्यांनी झोपेचं दुसरं काम सांगितलं, जे आधी कुणी विचारलंच नव्हतं. वैजूने घरी येऊन ते आप्पांना सांगितलं, आणि आप्पांनी ते त्यांच्या भाषेत मकरंदला सांगितलं. मला आप्पांचंच कळलं, म्हणून तेच सांगतो.

"डॉक्टर, हे बघा," आप्पा मकरंदला म्हणाले. "गाडी डेपोत लागली की दोन कामं असतात. एक, गाडी धुणं. दुसरं, गाडीत लोकांचं राहिलेलं सामान गोळा करणं. छत्री, डबा, कुणाची पिशवी, कुणाच्या लहान पोराचा एक बूट. ते कंडक्टर उचलतो, चिठ्ठी लावतो, ऑफिसात ठेवतो. चिठ्ठी लागली की ते सापडतं कधीही. आता हिच्या टोपऱ्यात काय होतं, गाडी लागली रे लागली की पाण्याचा पाइप सोडतात. कंडक्टरला आत यायला टाइमच नाही. गाडी चकाचक. सामान वाहून गेलं."

"म्हणजे स्वप्न हा कंडक्टर," मकरंद म्हणाला.

"मला काय ठाऊक? पण असंल. चिडका असतो आणि फिरत फिरत काम करतो."

वैजूने विचारलेलं होतं, मग विमान कसं विसरत नाही मी? डॉक्टरबाई म्हणाल्या, ते वीस वर्षं रोज केलेलं, त्याची वाट पडलेली आहे. आणि कॉकपिटमध्ये सगळं लिहिलेलं, यादी समोर, परत म्हणायचं, तपासायचं. घरातल्या गोष्टी एकदाच होतात. त्यांची यादी नसते. एक मात्र त्यांनी चांगलं सांगितलं. टोपऱ्यातून उठल्यावर कालचा दिवस एकदम जात नाही. दिवसभर तो सैल पडून असतो, दाराशी ठेवलेल्या पिशवीसारखा. तेवढ्यात कुणी विचारलं, आणि आपण तोंडाने सांगितलं, आणि त्या रात्री आपली आपण झोप झाली, तर चिठ्ठी लागू शकते. एकट्याने मनात घोळवून तेवढं होत नाही. समोर ऐकणारा पाहिजे. सांगताना माणूस गोष्ट जुळवतो, म्हणून.

"आणि गेले साडेचार महिने?" वैजूने विचारलं होतं.

"ते गेले," बाई म्हणाल्या.

वैजू परत पाठकोरा कागद घेऊन बसली. मकरंद समोर, रेवा बाजूला टॅक्सीला बाटली पाजत.

"टोपऱ्याने महिन्याला अठरा दिवस घरी," वैजू म्हणाली. "टोपरं सोडलं तर खोली, रिकामी सीट, सगळं धरून बारा."

"बारा चालतील," मकरंद म्हणाला.

"मला नाही चालणार," रेवा म्हणाली, मान वर न करता. "मला अठरा पाहिजेत."

"अगं पण अठरा दिवसांतलं मला काही..."

"मला आठवतं ना. माझ्याकडं राहतील. तू फक्त ये."

सात वर्षांची पोर.   वैजू उठून अंगणात गेली. आप्पा ओट्यावर होते.

"आप्पा, तुम्ही महिन्यातले किती दिवस घरी असायचा हो?"

"दहा. बारा. धरून चाल."

"त्यातलं तुम्हाला काय आठवतं?"

 "तुला कांजिण्या झालेल्या. तू म्हणालीस, मला खिडकीची सीट पाहिजे. मी पलंग ओढून खिडकीला लावला आणि दिवसभर तुझ्याशेजारी कंडक्टर होऊन उभा राहिलो. तू मला एकदा पण उतरू दिलं नाहीस."

 "मला ते आठवतंय," ती म्हणाली. "मला वाटलेलं फक्त मलाच आठवतंय."

बास. वैजू आत आली आणि अठराच्या आकड्यावर रेघ मारली. रेवा उठून गेली. टॅक्सीला पण घेऊन गेली. पुढचे आठ दिवस पोरीने आईशी एक शब्द काढला नाही, आणि तो मात्र रुसवाच होता.

दुसऱ्या दिवशी वैजू पाठाऱ्यांच्या टेबलासमोर.

"मला टोपऱ्याच्या यादीतून काढा."

"मॅडम, विचार केलाय का? मोठ्या विमानांच्या ट्रेनिंगची यादी टोपरेवाल्यांतूनच निघते. तुमचं नाव तिसरं आहे. पुढच्या वर्षी नव्वद सीटांच्या विमानावर असाल."

"तिसरं नाव कुणाला तरी द्या."

पाठारे बराच वेळ पडद्यावर बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "चार दिवस सलग ड्युटी, तीन दिवस सलग घर, असं बसवून देतो. घरी जाताना रिकामी सीट मिळाली तर मिळाली. पण माझीही एक अडचण आहे. गुरुवारचं पहाटेचं विमान कुणी घेत नाही. ते तुम्ही घ्या. म्हणजे बुधवारी गाडीने, टोपरं घालून, एवढं एकदा यावं लागेल."

"बुधवार म्हणजे घरून निघायचा दिवस."

"हो."

"बाकी कुठलाही दिवस नाही का जमत?"

"नाही मॅडम. जमला असता तर मीच दिला असता."

वैजूने सही केली. रविवारी ड्युटी संपवून जायचं, सोमवार, मंगळवार घरी, रात्री सगळ्यांबरोबर झोपायचं, घोरायचं पण. मकरंद म्हणतो पहिल्या रात्री ती अकरा तास झोपली आणि झोपेत रडली, सकाळी विचारलं तर म्हणाली, स्वप्न पडलं होतं, काय ते सांगता येईना. त्या दोन दिवसांना चिठ्ठी लागते आता. रेवा हळूहळू बोलायला लागली. आधी परीक्षा घेतली तिने. "सांग, मागच्या सोमवारी टॅक्सीने काय खाल्लं?" वैजू म्हणाली, "आप्पांचं पेन्शनचं पत्र." पोरगी आजोबांकडे बघून म्हणाली, "बरोबर आहे." मग ओंकारची गोष्ट सांगायला बसली, ती जेवण होईपर्यंत.

राहिला बुधवार. निघायचा दिवस. तो टोपऱ्यात सापडतो. आणि तुम्हीच सांगा, घरातून निघायच्या दिवशी जे होतं ते दुसऱ्या कुठल्या दिवशी होतं का? पोरगी बॅगेत काहीतरी लपवून ठेवते, बाप दारापर्यंत येतो, नवरा चिडचिड करतो आणि मग डबा दोनदा बांधतो. नेमकं तेच वाहून जायचं.

वैजूने डॉक्टरबाईंचं ऐकलं. पहिल्या गुरुवारी इथल्या सफाईवाल्या मावशींनी सहज विचारलं, "काय ताई, काल घरी काय केलं?" ती झाडूपाशीच उभी राहून सांगायला लागली. मावशींनी ऐकलं. मग पुढच्या गुरुवारी मावशींनी स्वतःहून विचारलं. मग सामान चढवणाऱ्या पोरांनी. मग चहावाल्याने, मग मी, तिच्याच तोंडून ऐकलंय हे सगळं. आता ओझरवर गुरुवारी ती दिसली की जो तो विचारतो. फारूख मुजावरही विचारतो, आणि ती त्याला. त्याने पण घरी झोपायला सुरुवात केलीय. भांडणं वाढली म्हणतो, पण प्रत्येक वेळी नवीन.

मागच्या गुरुवारी मात्र धावपळ झाली. एक विमान बिघडलं, हिच्या दोन फेऱ्या वाढल्या, कुणाला विचारायला वेळच मिळाला नाही. रविवारी ती घरी गेली तेव्हा रेवाने विचारलं, "मी बॅगेत ठेवलेलं सापडलं का?" सापडलं होतं. एक दात होता, कागदात गुंडाळलेला. पण कुठला, कधी पडला, तो पडल्यावर रेवाने काय सांगितलं, काही नाही. पोरीने परत सांगितलं सगळं, पहिल्यापासून. शहाणी आहे. पण दुसऱ्यांदा सांगताना पहिल्यासारखं होत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

ते बघा, तुमचं विमान लागलं. उठा, पिशवी विसरू नका. आज गुरुवार आहे. पहाटेपासून तिला गाठायला बघतोय, पण पहाटेचं विमान उशिरा परतलं आणि ती तशीच ह्या विमानात चढली. आज अजून कुणीच विचारलेलं नाही. नांदेडला उतरताना ती दारात उभी असते, गणवेशाची टोपी काखेत, येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करत. लोक थँक्यू म्हणतात आणि निघून जातात. तुम्ही तेवढं करू नका. थांबा तिच्यापाशी आणि विचारा, "कॅप्टन, काल घरी काय झालं?" मागचे लोक ढकलतील, ढकलू द्या. ती सांगेल. मन लावून ऐका, आणि मग नुसतं 'हो का' म्हणून पुढं जाऊ नका. तिने सांगितलेलं जसंच्या तसं तिला परत म्हणून दाखवा.